कारागृहात राहून अभ्यास: घरच्यांनी काय पाठवायचं, आतल्यानं कसं वाचायचं

नाशिकरोड कारागृहात घरचं माणूस असेल आणि त्याला शिकायचं असेल, तर पुस्तकांच्या आधी चष्म्याचं बघा. चाळिशी उलटलेला माणूस दहा मिनिटांत डोकं दुखलं की पुस्तक मिटतो आणि आपल्याला वाचन जमत नाही असं धरून चालतो. बऱ्याचदा दोष फक्त नंबराचा असतो. कारागृहाच्या दवाखान्यात डोळे तपासून घ्यायला सांगा.

पुस्तकं नेण्याआधी मुलाखतीच्या (कैद्याला भेटायच्या) वेळी गेटवर विचारून घ्या: एका वेळी किती चालतात, अर्ज लागतो का. जाड पुठ्ठ्याची बांधणी, स्पायरलची तार, पिना टाळा. पुठ्ठ्यात काही लपवता येतं म्हणून अशी पुस्तकं झडतीत अडकतात. पानांवर पेन्सिलीच्या खुणा असतील तर खोडून टाका, त्यांवरूनही शंका घेतात. सावानातून, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमधून, आणलेलं पुस्तक आत देऊ नका. आतल्या माणसाची दुसऱ्या कारागृहात बदली झाली की ते परत मिळेलच असं नाही.

शाळा लवकर सुटलेल्यासाठी बालभारतीची पाचवी ते आठवीची पुस्तकं सर्वांत उत्तम. धडे छोटे, खाली स्वाध्याय, किंमत कमी. मोठ्या माणसाला लाज वाटते, पण पाया इथेच पक्का होतो. सोबत एक इंग्रजी-मराठी शब्दकोश द्या.

आता वाचायचं कसं. नुसतं वाचलेलं आठवड्यात पुसलं जातं, म्हणून दोनशे पानी वही हवीच. रोज पाच ते दहा पानं वाचायची, पुस्तक मिटायचं आणि डाव्या पानावर आठवणीतून पाच ओळी लिहायच्या. उजव्या पानावर अडलेले शब्द. पाच ओळी सुचल्या नाहीत तर तोच भाग पुन्हा, पुढे जायचं नाही. रविवारी आठवड्याची डावी पानं झाकून उजवीकडचे शब्द वाक्यात वापरायचे. हे कंटाळवाणं आहे, तरी आमच्या मते सगळा अभ्यास या पाच ओळींत आहे.

अवघड वाचन सकाळी. संध्याकाळी बराक बंद झाल्यावर टीव्ही आणि गप्पांचा गलका असतो, तेव्हा गोष्टीचं पुस्तक किंवा शुद्धलेखन. ज्याला अक्षरओळख नाही त्याला रोज अर्धा तास शिकवलं तर शिकवणाऱ्याचंही पक्कं होतं.

बहुतेक जण सुरुवातीलाच स्वतःच्या खटल्याचे कागद आणि कायद्याची पुस्तकं घेऊन बसतात. रात्री ते वाचून झोप उडते, दुसऱ्या दिवशी काहीच वाचवत नाही. खटल्याचे कागद दिवसा, वकिलाला विचारायचे प्रश्न लिहून काढण्यापुरतेच.

दोन-तीन महिने वही चालली की परीक्षेचा विचार करा. दहावी-बारावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून देता येते. बारावी झाली असेल तर पदवीसाठी आपल्या नाशिकचंच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. त्याची पुस्तकं स्वतः वाचून समजावीत अशीच लिहिलेली असतात. अर्ज कारागृहातल्या गुरुजींमार्फत करायचा. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि फोटो घरच्यांनी आधीच जमवावेत, कारण प्रवेशाची मुदत बहुधा एका दाखल्यापायी हुकते. प्रवेश झाला की कायम नोंदणी क्रमांक घरीही लिहून ठेवा. बदली किंवा सुटका झाली तर पुढचा अभ्यास त्याच क्रमांकावर सुरू ठेवायचा असतो.