कातामध्ये करिअर करायचंय? मग या चुका टाळा

काता म्हणजे समोर कोणी नसताना ठरलेल्या क्रमाने करून दाखवायच्या कराटेच्या हालचाली. आमच्या कराटे क्लासमधून मुली सगळ्यात जास्त सुटतात त्या दहावीला. बोर्ड झाल्यावर येते सर म्हणतात आणि मग येतच नाहीत, कारण तोपर्यंत घरी कोणीतरी सांगितलेलं असतं की आता वय गेलं, मेडल यायचं असतं तर एव्हाना आलं असतं. मी म्हणतो, पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच.

स्पेनची सांद्रा सांचेझ बघा. चार वर्षांची असताना कराटे सुरू केलं, मधे आईला कॅन्सर झाला म्हणून सगळं बाजूला ठेवून घरी गेली. युरोपियन चॅम्पियनशिपचं पहिलं गोल्ड मिळालं २०१५ ला इस्तंबूलमध्ये, तेव्हा ती ३३ ची होती! २०१८ ला माद्रिदमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, आणि ५ ऑगस्ट २०२१ ला टोकियोच्या बुडोकानमध्ये ऑलिंपिक गोल्ड, चाळिशीला जेमतेम दीड महिना बाकी असताना. कातामध्ये वजनाचा गट नसतो, समोर मारणारं कोणी नसतं, त्यामुळे इथे वय वाढलं म्हणून लगेच दार बंद होत नाही.

आणि वजनाचा गट नाही तर मग उपाशी कशासाठी राहायचं? स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात भात-पोळी बंद करणाऱ्या मुली मी पाहिल्यात, दुसऱ्या राउंडला पाय थरथरतात बिचाऱ्यांचे. नीट जेवा.

दुसरी चूक, व्हिडिओ बघून काता निवडणं. जपानच्या रिका उसामीचा २०१२ च्या पॅरिस वर्ल्डमधला काता बघितला की प्रत्येकीला चातान्यारा कुशांकूच करायचा असतो, आणि तोही तिच्यासारखा चेहरा करून. अगं पण टोकियोच्या फायनलला सांद्रा आणि जपानची कियो शिमिझू, दोघींनी हाच काता केला होता. स्कोअर २८.०६ आणि २७.८८. म्हणजे नाव तेच, फरक ०.१८ चा, आणि तो फरक स्टान्स (पाय रोवून उभं राहण्याची ढब), बॅलन्स, वेग, ताकद यातून येतो. ज्या कातामध्ये तुमचा पाय हलत नाही तो तुमचा काता, भले तो साधा दिसू दे. फक्त एकावर भागत नाही हेही लक्षात ठेवा, टोकियोत फायनलपर्यंत जायला चार वेगवेगळे काता लागले, एकदा केलेला परत चालत नव्हता. वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या यादीत १०२ काता आहेत, त्यातले चार-पाच पक्के करा, पंधरा अर्धवट नकोत.

आता जे सगळ्यात जास्त विचारतात ते, डोकं वर-खाली होणं. एका झेनकुत्सूमधून (पुढचा गुडघा वाकवलेला लांब स्टान्स) दुसऱ्यात जाताना गुडघा सरळ होतो, कंबर उचलली जाते आणि परत खाली बसते, स्वतःला अजिबात कळत नाही पण समोरून लगेच दिसतं. माझा उपाय फुकटातला आहे. खिडकीच्या गजाला सुतळी बांधा, दुसरं टोक समोरच्या दाराच्या कडीला, आणि स्टान्समध्ये बसल्यावर डोक्याच्या बोटभर वर येईल इतकी ताणा. मग सुतळीखालून हळू पुढे सरका. केसाला सुतळी लागली की थांबा, मागे या, परत सुरू. सुरुवातीला दर पावलाला लागते, मुली वैतागतात. तेव्हा मागच्या पायाकडे बघा, टाच उचलून ढकललं जात असतं म्हणून शरीर वर जातं. टाच जमिनीला ठेवून मांडीच्या आतल्या बाजूने पाय ओढून घ्या, महिनाभरात फरक दिसेल. गुडघा मात्र आत पडू देऊ नका, पायाच्या बोटांच्या दिशेलाच राहिला पाहिजे, नाहीतर आज खोल स्टान्स आणि उद्या गुडघेदुखी.

आवाजाचा पण घोळ होतो. ड्रेसचा फटका जोरात यावा म्हणून छातीवर हात आपटणं, उगाच पाय आपटणं, फुस्स फुस्स श्वास सोडणं, हे सगळं फाउलमध्ये मोजतात. आवाज हिकितेच्या, म्हणजे दुसरा हात झटकन कंबरेकडे ओढण्याच्या, वेगातून आपोआप येतो, आला तर आला.

बेल्ट! कंबरेवरून सुटायला लागला तर फाउल, आणि खाली पडला तर थेट बाद. स्पर्धेचे लाल-निळे बेल्ट नवीन असले की गुळगुळीत असतात, गाठ सरकते. तसाच एक विकत घ्या, गाठ थोडी ओली करून आवळा आणि तो बांधूनच पूर्ण काता करा. कात्याचं नाव चुकीचं पुकारू नका, वाकायला विसरू नका.

पाळीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. पांढरा ड्रेस, डागाची भीती, मग मुलगी स्टान्स उंच ठेवते किंवा पोट दुखतंय सांगून नावच काढते. आत अंगाच्या रंगाची घट्ट शॉर्ट्स घाला, पांढरी नको, ती दिसते. आणि सरांना सांगायला लाजू नका. सर लोकांनीही ऐकून घ्या, वर्गासमोर कारण विचारत बसू नका.

पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हतं म्हणून सोडणाऱ्यांनाही सांगतो, वर्ल्ड चॅम्पियनशिप आहे, एशियन गेम्समध्ये तर १९९४ पासून आहे.

आणि दहावीचं वर्ष असेल तर क्लास बंद करा हवं तर, पण आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटं, एकच काता, ती सुतळी बांधून. पेपर संपल्यावर त्याच सोमवारी या, फी नंतर बघू.