पणजीचं लग्न कागदांत शोधायचं तर आधी माहेर शोधा

कोल्हापूर भागातल्या जुन्या लग्नाचा पुरावा हवा म्हणून बरेच जण पहिल्यांदा विवाह नोंदणीच्या खिडकीवर जातात आणि हात हलवत परततात. 1 मार्च 1949 पर्यंत कोल्हापूर संस्थान होतं, मुंबईच्या कायद्यांबाहेर. मुंबईचा विवाह नोंदणी कायदा 1953 चा, आणि तो आल्यावरही गावच्या मांडवातली लग्नं सरकारी वहीत क्वचितच चढली. जनगणनेचे भरलेले फॉर्मही पाहायला मिळत नाहीत. 1948 च्या कायद्यानं ते गोपनीय आहेत. तेव्हा तारखेमागे धावू नका. बाईचं माहेरचं गाव आणि वडिलांचं नाव हाती आलं, की लग्न दोन्हीकडून कागदात सापडतं.

माहेर कळायला घरातली आहेराची वही बघा. ओळीओळीला नाव, गाव, रक्कम असते. एकाच परक्या गावची आठ-दहा नावं सलग आली तर बहुधा तेच माहेर. दुसरा आधार हेळव्यांचा, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्यांचा. तुमच्या घराण्याचा हेळवी ठरलेला असतो. सुगीनंतर तो आला की वंशावळीत सून कुठल्या गावची, हे मुद्दाम विचारून लिहून घ्या. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतही असा उल्लेख मिळू शकतो.

मग त्या गावच्या तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात वडिलांच्या नावचा वारस फेरफार, म्हणजे जमिनीला वारसांची नावं लागल्याची नोंद, मागा. सगळ्या शोधात याच्याइतका कामाचा कागद दुसरा नाही. 17 जून 1956 ला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला आणि मुली वडिलांच्या वारस झाल्या. त्यानंतर वारलेल्या माणसाच्या नोंदीत मुलांखाली अशी ओळ येते: ‘मुलगी हौसाबाई भ्र. दादू, रा. वडणगे’. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा. एका ओळीत लेक, जावई, सासरचं गाव! पुढे बहिणींनी भावांना हक्कसोडपत्र करून दिलं असेल, तर दुय्यम निबंधकांकडे त्या दस्तात हीच नावं पत्त्यासकट मिळतात.

वडील 1956 आधी वारले असतील तर फेरफारात बहुधा फक्त मुलगे दिसतात. मग सासरच्या बाजूनं या. विधवेचं नाव जमिनीला लागलं असेल तर जुन्या कागदात ‘सोनाबाई कोम रामजी’ असं दिसेल. इथे ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. जात समजून वाचलं की सगळा शोध चुकतो. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. एकाच बाईपुढे दोन कागदांत दोन नवरे दिसले तर नोंद खोटी ठरवू नका, पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागलेला असू शकतो.

लग्नाचा काळ ठरवायला गाव नमुना 14 मधला, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीतला, थोरल्या लेकराचा जन्म बघा. पण तिथून एक वर्ष मागे मोजू नका. मुली लहानपणीच दिल्या जात आणि पहिली लेकरं जगली नसतील तर वहीत दिसणारं थोरलं खरं थोरलं नसतं. 1929 चा, 1930 पासून लागू झालेला शारदा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता, त्यामुळे मुलीच्या लग्नाची चौदा वर्षांची अट करवीरला, म्हणजे कोल्हापूर संस्थानाला, लावू नका. 1951 ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही जनगणनेवरूनच उतरवलेली. ज्या गावची टिकली आहे तिथे एका घरातली माणसं वयासकट दिसतात. वय मात्र अंदाजी असतं, पाच-सात वर्षांचा फरक धरून चला.

जुनी पानं मोडीत असतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं आणि शब्द तोडून लिहीत नाहीत, म्हणून जाणकाराकडून नावं दोनदा वाचून घ्या. शक बदलतानाही चूक होते: वैशाख शके 1847 म्हणजे 1925, पण माघ शके 1847 म्हणजे 1926. वर्ष पाडव्याला बदलतं, म्हणून वैशाखाला 78 मिळवायचे आणि माघ-फाल्गुनाला 79. फसली सन, म्हणजे जुनं महसुली वर्ष, जूनला सुरू होतो; त्यात 590 मिळवा, जानेवारीपासून 591.

ख्रिस्ती घरांनी चर्चची विवाह नोंदवही आणि मुसलमान घरांनी काझींकडचा निकाहनामा आधी विचारावा, तिथे थेट तारीख मिळू शकते. चंदगडकरांनी एक लक्षात ठेवावं: तो तालुका 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. कोल्हापुरात दप्तर मिळालं नाही तर बेळगावात विचारा.