व्हीटेक किती आरपीएमला लावायचं, हे ग्राफ सांगतो

वाळूजला आमच्या गॅरेजवर बीड-जालन्याकडची पोरं जुनी होंडा सिटी घेऊन येतात आणि बहुतेकांची मागणी एकच असते: "भाऊ, व्हीटेक असं लावा की पाठ सीटला चिकटली पाहिजे." व्हीटेक म्हणजे ठरावीक आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा. मी आधी हेच समजावतो की धक्का जितका मोठा, तितकं सेटिंग चुकलेलं. धक्का बसतो, कारण त्याच्या आधी गाडी कमी टॉर्कवर (ओढीवर) रेंगाळत होती. नीट लावलेलं व्हीटेक कानाला कळतं, पाठीला फारसं कळत नाही.

मी सांगतोय त्या सिंगल कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा एकच फिरता दांडा असलेल्या) व्हीटेक इंजिनात दर सिलिंडरला इनटेकचे (हवा आत घेणारे) दोन व्हॉल्व्ह आणि त्यांच्यासाठी तीन रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) असतात. कडेचे दोन रॉकर छोट्या लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर) चालतात. मधला मोठ्या लोबवर नुसताच हलत असतो. ईसीयूने (इंजिनाच्या कंप्युटरने) सोलेनॉइडला (करंटवर चालणाऱ्या झडपेला) करंट दिला की ऑइलची वाट उघडणारा स्पूल व्हॉल्व्ह सरकतो, ऑइलचं प्रेशर रॉकरमधल्या पिना ढकलतं आणि तिन्ही रॉकर एकत्र बांधले जातात. मग इनटेकचा व्हॉल्व्ह जास्त उचलला जातो आणि जास्त वेळ उघडा राहतो. वरच्या आरपीएमला यामुळे हवा जास्त भरते. खालच्या आरपीएमला उलटं होतं: व्हॉल्व्ह उशिरा बंद झाल्याने आलेली हवा थोडी परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आणणाऱ्या नळ्यांत) ढकलली जाते आणि गाडी मवाळ पडते. हा करंट कधी द्यायचा, एवढंच आपल्याला ठरवायचं आहे.

गाडी कोणती आहे ते आधी बघा. आय-डीएसआय सिटीला सिलिंडरमागे दोन स्पार्क प्लग असतात, पण व्हीटेक नसतं. मारुतीच्या व्हीव्हीटीत कॅमचा अँगल पुढेमागे होतो, लोब बदलत नाही. ते काम वेगळं, ही पद्धत तिथे लावू नका.

लॅपटॉप उघडण्याआधी ऑइल. या सिस्टीमचं सगळं कामच ऑइलच्या प्रेशरवर आहे. आपल्याकडे उन्हाळा लागला की "गरमी लई आहे, जाड टाका" म्हणून 20डब्ल्यू-50 ओततात. इंजिन पुरतं तापेपर्यंत ते ऑइल बारीक वाटांतून सावकाश जातं, पिना उशिरा सरकतात आणि मग ट्युनिंगमध्ये दोष शोधत बसावं लागतं. कंपनीच्या पुस्तकात दिलेला ग्रेडच टाका आणि डिपस्टिकवर लेव्हल बघा. मग हेडच्या बाजूचा व्हीटेक सोलेनॉइड तीन बोल्ट काढून उतरवा. मागच्या गॅस्केटमध्येच एक बारीक जाळी असते. ती उजेडासमोर धरा. ज्या गाडीचं ऑइल वेळेवर बदललेलं नाही तिच्या जाळीत काळा चिकट गाळ आणि मागच्या कोणीतरी भरमसाट लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे अडकलेले दिसतील. नवं गॅस्केट टाका. सिलिकॉन पुन्हा लावू नका. मीटरवर सोलेनॉइडचा रेझिस्टन्स 14 ते 30 ओहममध्ये यायला हवा, आणि 12 व्होल्ट दिल्यावर टक् आवाज स्पष्ट यावा.

प्रोग्राम करता येणाऱ्या ईसीयूत छोट्या आणि मोठ्या कॅमचे (म्हणजे लोबचे) पेट्रोल व इग्निशनचे टेबल वेगवेगळे असतात. पॉइंट शोधण्याआधी दोन्ही टेबल नीट झाले पाहिजेत, तेही क्रॉसिंगच्या (दोन्ही कॅमचा टॉर्क जिथे सारखा होतो त्या आरपीएमच्या) खाली आणि वर दोन्हीकडे, कारण चाचणीत आपण दोन्ही कॅम त्यांच्या नेहमीच्या हद्दीबाहेर चालवणार आहोत. फुल थ्रॉटलला मी लॅम्डा (हवा-पेट्रोल मिश्रणाचं माप; 1 म्हणजे नेमकं, कमी म्हणजे पेट्रोल जास्त) 0.86 ते 0.88 ठेवतो. एअर-फ्युएलच्या आकड्यापेक्षा लॅम्डा वाचलेला बरा, कारण पेट्रोलमधल्या इथेनॉलने 14.7 चा (साध्या पेट्रोलच्या नेमक्या प्रमाणाचा) हिशोब बिघडतो. नॉकिंग (पेट्रोल चुकीच्या रीतीने जळण्याची टकटक) ऐकू आली तर तिथेच थांबून इग्निशन मागे घ्या, म्हणजे ठिणगी उशिरा पाडा.

आता डायनो, म्हणजे चाकावरचा टॉर्क मोजणारं यंत्र. आम्ही त्यासाठी पुणं गाठतो आणि सकाळची वेळ मागतो. पहिल्या पुलला (आरपीएम चढवत टॉर्क मोजण्याच्या फेरीला) एंगेजमेंट (व्हीटेक लागण्याचा आरपीएम) रेडलाइनच्याही (कमाल आरपीएमच्याही) वर लिहा, म्हणजे गाडी छोट्या कॅमवरच राहील. छोट्या कॅमचा टॉर्क स्पष्ट पडायला लागला की सोडून द्या, रेडलाइनपर्यंत ताणायची गरज नाही. दुसऱ्या पुलला एंगेजमेंट 3000 च्या आसपास आणा, म्हणजे जवळपास सगळा पुल मोठ्या कॅमवर होईल. दोन्ही वेळा गिअर तोच, कूलंट आणि इनटेकच्या हवेचं तापमानही जवळपास तेच हवं. पहिला पुल थंड हवेत आणि दुसरा तापलेल्या बॉनेटखाली झाला, तर दोन्ही ग्राफचा छेद खोट्या जागी दिसेल.

दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवा. एका सिटीचे चाकावरचे आकडे असे होते: 4000 ला छोटा कॅम 108 न्यूटन-मीटर, मोठा 101. 4500 ला 107 आणि 106. 4700 ला 106 आणि 107. 5000 ला 102 आणि 109. छेद 4600 च्या आसपास, म्हणून एंगेजमेंट 4600. त्या पोराला 5500 हवं होतं. तिथे छोटा कॅम 94 वर आलेला आणि मोठा 108 वर. हा 14 न्यूटन-मीटरचा फरक म्हणजेच त्याला हवा असलेला धक्का, आणि तो मिळवायला 4600 पासून 5500 पर्यंतचा टॉर्क वाया घालवायचा! ग्राफ दाखवल्यावर त्याने हट्ट सोडला.

पिना सरकायला क्षणभर लागतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम भरभर चढतो, म्हणून करंट छेदाच्या 50 ते 100 आरपीएम आधी दिला तर चालतं. उतरतानाचा पॉइंट मात्र वेगळा ठेवा, साधारण 200 ने खाली. दोन्ही आकडे एकच ठेवले तर घाटात त्याच आरपीएमवर गाडी धरली की सोलेनॉइड सारखा चालू-बंद होत राहतो.

वरचा छेद फुल थ्रॉटलचा. अर्ध्या थ्रॉटलला तो बहुतेक वर सरकतो, कारण मॅनिफोल्डमधलं प्रेशर कमी असताना मोठ्या कॅमच्या ओव्हरलॅपमुळे (इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकदम उघडे असल्यामुळे) जळालेला गॅस जास्त मागे येतो. ईसीयूत लोडनुसार पॉइंट देता येत असेल तर 60 आणि 80 टक्के लोडलाही हेच दोन पुल घ्या. नसेल देता येत, तर फुल थ्रॉटलचा आकडा ठेवा आणि हलक्या लोडला व्हीटेक बंद राहील अशी मर्यादा घाला. व्हीटेक लागण्यासाठी कूलंटच्या तापमानाची खालची मर्यादा 60 अंशांच्या खाली आणू नका. थंड ऑइलवर पिना अर्धवट अडकल्या तर त्यांच्या कडा झिजतात.

शेवटी 4600 लिहून तिसरा पुल घ्या. रेघ दोन्ही ग्राफच्या वरच्या कडेने जायला हवी. छेदाजवळ खड्डा दिसला तर आधी लॅम्डाचा लॉग बघा. तिथे मिश्रण लीन (पेट्रोल कमी) झालेलं असेल तर मोठ्या कॅमच्या टेबलमधल्या त्या दोन-तीन खान्यांत पेट्रोल वाढवा. मिश्रण बरोबर असूनही खड्डा राहिला, तर प्रेशर स्विचचा (ऑइलचं प्रेशर पोचल्याची खबर देणाऱ्या स्विचचा) सिग्नल करंटनंतर किती उशिराने येतो ते लॉगमध्ये मोजा. उशीर जास्त असेल तर आकडा हलवू नका, सोलेनॉइड पुन्हा उतरवा.