चिनी काढा आणायला निघताना

सिंगापुरात चिनी वैद्याकडे आईला न्यायचंय? आधी तिच्या गोळ्यांची स्ट्रिप पिशवीत टाका, मग पुढचं वाचा. मागच्या वेळी मी छत्री घेतली, पाणी घेतलं, स्ट्रिप राहिली घरी. आईची हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी रोजची. वैद्यबाईंनी विचारलं, काही चालू आहे का? मी म्हटलं, बीपीची गोळी. झालं. गुडघ्यांसाठी दिलेल्या पुड्यांत दांगग्वेई होतं आणि दानशेनही, दोन्ही चिनी मुळ्या. दोन्ही वॉरफॅरिनचा जोर वाढवतात. दहाव्या दिवशी दात घासताना बेसिन लाल. एरवी अडीच-तीनवर असणारा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) पाचच्या वर. काढा त्याच दिवशी बंद. खरं तर वॉरफॅरिनवाल्यांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघूच नये.

वैद्य नोंदणीकृत, हे सांगायला नको. सकाळी कॉफी पिऊ नका, जीभ घासू नका. ते जीभ बघतात, रंगलेली जीभ बघून त्यांना काय कळणार? क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि एसजीपीटी (लिव्हरसाठी) या रक्ततपासण्या काढा सुरू करण्याआधी करून घ्या, नाहीतर नंतरचा आकडा कशाशी ताडणार? 'किडनी कमजोर' ऐकून घाबरू नका, त्यांच्या किडनीत कंबर, गुडघे, केससुद्धा येतात.

स्ट्रिप घेतली ना? 'ती छोटी गोळी, संध्याकाळची' असं सांगून भागत नाही.

चिठ्ठी चिनी अक्षरांत घ्या, फोटो काढा. उच्चारावर जाऊ नका. 1990च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या औषधात फांगजी नावाच्या एका वनस्पतीच्या जागी तशाच नावाची दुसरीच गेली, त्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या. केसांसाठी म्हणून हशौवू ही मुळी कुणी सुचवली आणि लिव्हर आधीच नाजूक असेल, तर सरळ नको म्हणा. ज्येष्ठमध बऱ्याच काढ्यांत असतं. जास्त झालं की बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. म्हणून शेजारणीची पुडी आपल्या पुडीत मिसळायची नाही. आणि फूड कोर्टातलं काळपट हर्बल सूपही हिशोबात धरा, त्यातही दांगग्वेई असू शकतं.

उकळायला मातीचं भांडं, लोखंडी-अ‍ॅल्युमिनियमचं नको. आधी अर्धा तास भिजत. पुदिना शेवटी. पुडीत फूत्झ ही मुळी असेल तर ते आधी एकटंच, तासभर तरी; बचनागाच्या कुळातलं आहे ते. ऑपरेशन ठरलं तर सर्जनना सांगा. हिरड्यांतून रक्त, काळी शी, पिवळे डोळे: काढा थांबवा, दवाखाना गाठा. तिथे काढ्याची चिठ्ठी न्या. आणि स्ट्रिप.