राउटर घेताना या चुका टाळा

३०० एमबीपीएसचा प्लॅन, कोराकरकरीत राउटर, आणि स्पीड टेस्ट मात्र ९४च्या पुढे सरकत नाही. असा आकडा दिसला की बहुतेक वेळा राउटरचा वॅन पोर्ट (बाहेरून इंटरनेटची केबल जिथे लागते तो) १०/१०० एमबीपीएसचा, म्हणजे जास्तीत जास्त १००चा निघतो. बाहेरून कितीही स्पीड येऊ दे, आत १००च्याच वाटेने येणार. त्यातलेही पाचसहा एमबीपीएस डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा नावपत्ता वाहण्यात जातात.

खोक्यावर ‘एसी १२००’ छापलेलं असतं, पोर्टचा वेग कुठेतरी मागे बारीक अक्षरांत. हे मला खरंच खटकतं. ते १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज, वर गोल केलेली. फोन सहसा एका वेळी यातल्या एकाच बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला येतच नाही. प्लॅन १००च्या वरचा असेल तर आधी वॅन आणि लॅन (घरातली उपकरणं केबलने जोडायचे) दोन्ही पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत का ते बघा, बाकीचं नंतर.

पोर्ट गिगाबिट असूनही ९४च येत असतील तर राउटर परत करायची घाई नको, केबल तपासा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १००ला चार पुरतात. उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही की लिंक १००वर उतरते. नेट चालूच राहतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. राउटरच्या सेटिंगमधल्या स्टेटस पानावर वॅनचा लिंक स्पीड १००० आहे की १०० हे बघा आणि गिगाबिटला चालणारी कॅट ५ई केबल लावून पुन्हा तपासा.

उलटी चूकही होते: ५०चा प्लॅन आणि सगळ्यात महागडा वायफाय ६ राउटर. प्लॅनची मर्यादा राउटर ओलांडू शकत नाही.

लांबच्या खोलीत नेट रडत असेल तर बहुधा भिंती आड येतात. ५ गिगाहर्ट्झ भिंतींत लवकर विरतो. राउटर कोपऱ्यातून काढून मधे, उंचावर ठेवा. स्वस्त रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. त्यापेक्षा केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून नेट घेऊन तिथे वायफाय देणारा डबा) लावलेला केव्हाही बरा.

दोष नक्की कुठे आहे हे कळत नसेल तर गिगाबिट पोर्टचा लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. केबलवर पूर्ण स्पीड आणि वायफायवर कमी, तर अडचण वायफायची. केबलवरही कमी असेल तर लॅपटॉप थेट मोडेमला (बाहेरची लाइन ज्यात येते त्या डब्याला) लावा. तिथे पूर्ण आला तर राउटर बदला, नाही आला तर इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवा.