‘तमाशापट’ची व्युत्पत्ती कशी शोधावी

तमाशापट म्हणजे तमाशाप्रधान चित्रपट. आधी हा शब्द फोडा: तमाशा + पट. दोघांचं कूळ वेगळं, म्हणून टिपणंही वेगळी ठेवा.

‘पट’ लवकर उरकतो. संस्कृतात पट म्हणजे वस्त्र, चित्रपट म्हणजे चित्र काढलेलं कापड. मुंबईत 1896 साली सिनेमा आला, त्याच्या कितीतरी आधीचा हा शब्द. बोलपट, भयपट, विनोदपट ही ‘तमाशापट’ची भावंडं. ‘दुप्पट’मधला पट मात्र यात मिसळू नका.

खरा वेळ ‘तमाशा’ला द्या. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857ची आवृत्ती, मग दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932–38), मग कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश (1946), हाच क्रम ठेवा. जुन्याकडून नव्याकडे आलं की अर्थ कुठे सरकला ते दिसतं. मुळाशी अरबी धातू म-श-य, म्हणजे चालणं. त्यावरून सोबत फिरणं, फारसीत हिंडून पाहणं आणि शेवटी पाहण्याजोगं दृश्य. मराठीत हा शब्द मुख्यतः गण-गौळण-वगाच्या खेळाचं नाव झाला. ‘तम + आशा’ असा विग्रह कुणी सुचवला, तर खुशाल खोडा.

इथे बडोदेकराला घरबसल्या फायदा आहे. रावपुऱ्यात भर रस्त्यात भांडण जुंपलं की गुजराती शेजारी ‘तमाशो’ म्हणतो, म्हणजे लोक जमून बघतात ते दृश्य. हा अर्थ फारसीच्या जास्त जवळचा. हिंदीतला तमाशबीन पाहणारा आणि मराठीतला तमासगीर करणारा, ही जोडीही वहीत हवी. पण चित्रपटप्रकाराच्या नावात अर्थ मराठीच धरायचा, कारण तिथे ढोलकी-लावणीचा खेळ अभिप्रेत आहे.

आता जोडशब्दाचं वय. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जुने मराठी अंक मिळाले, तर ‘तमाशापट’, ‘तमाशा-पट’ आणि ‘तमाशाप्रधान चित्रपट’ ही तिन्ही रूपं शोधा. नियतकालिकाचं नाव, तारीख, पान आणि अख्खं वाक्य उतरवून घ्या. नुसता शब्द टिपला तर अर्थ ठरवता येत नाही.

सर्वाधिक चुका इथेच होतात. ‘लोकशाहीर राम जोशी’ 1947चा, ‘सांगत्ये ऐका’ 1959चा, म्हणून शब्दही तेव्हाचा असं ठरत नाही. प्रकाराचं नाव मागाहूनही पडतं. पुढच्या एखाद्या लेखात ‘1947चा तमाशापट’ असं छापलं असेल, तर पुरावा त्या लेखाच्या तारखेचा. त्या वर्षीची जाहिरात किंवा परीक्षण हाती आलं तरच 1947 लिहा.

आणि नोंद कितीही जुनी निघाली, तरी ‘पहिला वापर’ लिहू नका. ‘सापडलेली सर्वांत जुनी नोंद’ असं लिहून पुढे शोधाची तारीख टाका.