शॉर्ट फिल्म शिकताय? पहिल्यांदा बूम धरा

कॉलेजातला ग्रुप शॉर्ट फिल्म करायची म्हणून जमला की पहिल्या बैठकीत बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. निम्म्यांना डायरेक्शन हवं असतं, उरलेल्यांना कॅमेरा. साउंडचं नाव निघालं की सगळे एकदम आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालतात. आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या बैठकीत ते काम माझ्या गळ्यात पडलं, कारण ग्रुपमध्ये वायरवाला बरा हेडफोन फक्त माझ्याकडे होता. पुढे आम्ही कामं आळीपाळीने बदलत गेलो. कॅमेरा, एडिटिंग, असिस्टंट डायरेक्टर सगळं करून झालं. तरी कोणी नवीन मुलगा-मुलगी विचारायला आली की मी हेच सांगते: पहिल्या फिल्मला साउंडचं काम स्वतःहून मागा.

हा त्याग नाही, यात आपलाच फायदा आहे. बूम म्हणजे लांब काठीच्या टोकाला लावलेला माइक. तो धरणाऱ्याला फ्रेमची वरची कड कुठे संपते ते माहीत लागतं, म्हणून दर शॉटला कॅमेऱ्यावाल्याला विचारावं लागतं, आणि विचारता विचारता क्लोज, मिड, वाइड डोळ्यांत बसतं. बूमची सावली भिंतीवर पडते, म्हणून लाइट कुठून येतोय ते बघावं लागतं. कोण कोणानंतर बोलणार हे पाठ नसेल तर माइक वेळेवर वळत नाही, म्हणून संवाद नटांच्या आधी आपले पाठ होतात. डायरेक्टर नटाला कानात काय सांगतो तेसुद्धा कॉलर माइकमधून, म्हणजे नटाच्या कपड्याला लावलेल्या छोट्या माइकमधून, ऐकू येतं (ते ऐकून विसरायचं, हा सेटवरचा शिष्टाचार). एका कामात बाकी सगळ्यांची कामं दिसतात. कॅमेऱ्यावाल्याला मात्र स्वतःची फ्रेम सोडून फारसं काही दिसत नाही.

आता नागपूरचं बोलू. इथे घरात शूटिंग म्हणजे कूलरशी लढाई. होळी झाली की घराघरांत वाळ्याच्या ताट्या लागतात आणि पार पावसापर्यंत पंख्याची घरघर आणि पंपाचं पाणी हे घराचं पार्श्वसंगीत असतं. आपल्याला त्याची इतकी सवय असते की कानाला ते जाणवतच नाही. माइकला जाणवतं. बंद करावा तर मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास, खोलीची भट्टी होते आणि नटाचा मेकअप गळायला लागतो. आम्ही मग एकाला कूलर-ड्यूटीच दिली. 'कट' झालं की चालू, 'रेडी' म्हटलं की बंद. तरी शेजारच्यांचा कूलर राहतोच. त्यासाठी आदल्या दिवशी जाऊन बोलून ठेवायचं. ऐन वेळी भिंतीवरून 'काकू, जरा बंद करा ना' म्हटलं तर ऐकतीलच असं नाही, आणि त्यांचंही चुकत नाही.

फ्रिजचंही तेच. टेकच्या, म्हणजे शॉट घेण्याच्या, वेळी तो बंद करायचा, आणि बंद करताना गाडीची किल्ली त्याच फ्रिजमध्ये ठेवायची. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. किल्ली काढल्याशिवाय घरी जाता येत नाही, म्हणून फ्रिज चालू करायचं राहत नाही. ज्यांच्या घरी शूट आहे त्यांचं दूध नासलं तर पुढच्या फिल्मला ते घर मिळणार नाही.

खोलीतलं काम संपल्यावर पॅकअपच्या आधी सगळ्यांना आहे तिथे उभं करून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधली खोकल्याची जागा कापली की तिथे पूर्ण सुन्न पोकळी होते, आणि प्रेक्षकाला ती लगेच खटकते. त्या पोकळीत हा टोन भरायचा. पॅकअपची घाई झालेली असते, भूक लागलेली असते, कोणीतरी 'अबे, आता हे कायले पाह्यजे' म्हणतंच. तरी घ्या.

सामान महाग लागतं हा गैरसमज आहे. वायरचा कॉलर माइक आणि दुसरा मोबाइल नटाच्या खिशात, म्हणजे रेकॉर्डर झाला. बूमसाठी जाळं काढायची लांब काठी चालते. कॉलर माइक लावताना दुपट्टा, बांगड्या आणि कडक इस्त्रीचा शर्ट हे तीन शत्रू. हेडफोन वायरचाच हवा, ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो. लेव्हल अशी ठेवा की साध्या बोलण्याला आकडा उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळेल. नट ओरडला तरी वर जागा उरते. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

कॅमेरा मोबाइलचाच असेल तर त्याच्या साध्या अ‍ॅपवर विसंबू नका. ते स्वतःच्या मनाने एक्सपोजर (चित्राचा उजेड) बदलतं, आणि फ्रेम रेटही (सेकंदाला किती फ्रेम) पुष्कळदा कमी-जास्त होतो. मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज सुरुवातीला ओठांशी जुळतो आणि लांब टेकच्या शेवटी सरकतो. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट आहे. त्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर लॉक करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या आकड्यांवर ट्यूबलाइटची लपलप दिसत नाही. टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवायची, म्हणजे एडिटमध्ये आवाज आणि चित्र जुळवता येतं, आणि शॉटचा नंबर मोठ्याने बोलायचा. क्लॅप बोर्ड फोटो काढण्यापुरता छान आहे, काम टाळीनेही होतं.

स्क्रिप्टबद्दल थोडंच सांगते. नीट मांडणीत लिहिलेलं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. पहिली फिल्म चार-पाच पानांच्या वर नेऊ नका, आणि दोन माणसं, एक खोली यात बसवा. संवाद मात्र तोंडाने बोलून लिहा. आमच्या पहिल्या स्क्रिप्टमधला नागपूरच्या महाल भागातला पानठेलेवाला 'आपण हे का करीत आहात?' असं विचारत होता. वाचनाच्या वेळीच नट म्हणाला, 'असं कोणी बोलते का बे?' आणि तिथल्या तिथे सगळी वाक्यं त्याने आपल्या बोलीत फिरवली. ते वाचन शूटिंगइतकंच महत्त्वाचं असतं हे तेव्हा कळलं.

वेळेचं गणित असिस्टंट डायरेक्टरने करायचं, आणि आपल्याकडे ते सकाळी ऊन चढायच्या वेळेपासून मागे मोजायचं. उन्हाळ्यात बाहेरचं शूट सहा ते नऊ, त्यानंतर उजेड डोक्यावरून पडतो आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या दिसतात. शिवाय मोबाइल तापून बंद पडतो. सेमिनरी हिल्सला पहाटे आवाज सगळ्यात स्वच्छ मिळतो. फुटाळा तलाव दिसायला देखणा, पण संध्याकाळी तिथे संवाद घेणं म्हणजे हॉर्न रेकॉर्ड करणं. तिथले नुसते शॉट घ्या. ड्रोनचा विचार तर तिकडे करूच नका, वायुसेना नगर लागून आहे. मेट्रो स्टेशनवर लेखी परवानगीशिवाय ट्रायपॉड उघडला की गार्ड येतोच. नाश्ता मात्र कॉल टाइमच्या, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेच्या, आधी ठेवा. तर्री-पोहे मिळणार म्हटलं की पोरं पावणेसहालाही हजर होतात.

ग्रुप फुटतो तो बहुधा एडिटच्या टेबलावर. ज्याने उन्हात उभं राहून शॉट घेतला त्याला तो कापवत नाही. आमचा नियम साधा आहे: पहिला कट एडिटर एकटा लावतो, तोवर कोणी त्याच्या मागे बसायचं नाही. दाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन त्याला पुरतं. फुटेज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं नाही, तिथे ते दाबलं जातं. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड कोणी रिकामं करायचं नाही. आणि क्रेडिटमध्ये कोणाचं नाव कुठे येणार हे शूटिंगच्या आधी कागदावर लिहून सह्या करा. मैत्रीत हे विचित्र वाटतं, नंतरची भांडणं त्याहून विचित्र असतात.

आवडतं सिनेमाचं गाणं मागे लावायचा मोह टाळा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षं चालतो, आणि यूट्यूब तर काही मिनिटांत पकडतं. ओळखीत कोणी तबला, बासरी, गिटार वाजवणारं असतंच, त्याला घरी बोलवा. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही, थिएटरात लोकांना दाखवायचं तर लागतं. फेस्टिव्हलला पाठवायची असेल तर इंग्रजी सबटायटल आधीच करून ठेवा. मुंबईचा मिफ हा माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो, पण पहिलीच फिल्म तिकडे धाडण्यापेक्षा आधी कॉलेजच्या हॉलमध्ये लावा. हॉलच्या स्पीकरवर जे संवाद कळत नाहीत ते कुठेच कळणार नाहीत.

पुढे शिकायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइन हा दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन यांच्या बरोबरीचा वेगळा अभ्यासक्रम आहे. तीन वर्षांचा, पदवीनंतर, प्रवेश परीक्षा देऊन. २००९ मध्ये ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळवणाऱ्यांपैकी रसूल पूकुट्टी तिथलेच. मी स्वतः अजून त्या परीक्षेचा अर्ज भरलेला नाही. सध्या मी यूट्यूब चॅनलवाल्यांच्या मुलाखतींना आवाज घेऊन देते. कॅमेरा घेऊन उभी राहणारी पोरं इथे पुष्कळ आहेत. माइक कुठे लावायचा ते विचारायला मात्र आमच्या ओळखीतले सगळे मलाच फोन करतात, आणि आता मी त्याचे पैसे आधी ठरवून घेते.